नसलेल्या पायातला बूट

आमची पोस्ट नियंत्रण रेषेवर, साडेअकरा हजार फुटांवर होती. मी पलटणीत नर्सिंग असिस्टंट. जवान मला 'डॉक्टरसाब' म्हणत. गोळी कडू लागली की 'कंपाउंडर'. रोज सकाळी सात वाजता सिक रिपोर्ट. बंकरच्या दाराशी माणसं रांगेत उभी राहत आणि कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच, "ठीक है." पाठ धरलेला माणूस वाकडा उभा राहून 'ठीक है' म्हणायचा. ठीक आहेस तर रांगेत कशाला आलास, म्हणून मी खेकसायचो. इथे मुंबईत शिंक आली तरी लोक सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, तिथे सगळं उलटं.

त्या दिवशी आमची आठ जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, सकाळी सहा दहाला निघाली; मीही त्यात होतो. पुढे लान्स नायक सावंत, मालवणकडचा. त्याच्या मागे शिपाई वानखेडे, वय चोवीस, घर घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत. सात चाळीसला सावंतच्या पायाखाली सुरुंग फुटला.

रेडिओवर आमच्या कमांडरचा आवाज मला अजून ऐकू येतो. "चार्ली फॉर अल्फा. माईन ब्लास्ट. टू कॅज्युअल्टी. ओव्हर."

"रॉजर. स्ट्रेचर पार्टी निकल रही है. आऊट."

सावंतचं डावं पाऊल गेलं होतं आणि तो ओरडत होता. वानखेडे दगडाला टेकून बसला होता. मी हाक मारली, "वानखेडे, ठीक?" त्याने हात वर केला. मी सावंतच्या मांडीवर पट्टा आवळला, वेळ लिहिली, सात सेहेचाळीस, आणि मग वानखेडेकडे वळलो. काखेखालून एकच किरच आत गेली होती. बाहेर रक्त जवळजवळ नव्हतंच. तो गेला होता.

ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला शिकवतात, ओरडतोय तो श्वास घेतोय. गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. मला हे तोंडपाठ होतं, तरी मी ओरडणाऱ्याकडे गेलो. पलटणीचे डॉक्टर नंतर म्हणाले, काही फरक पडला नसता. ते खरं होतं की माझी समजूत काढणं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

निवृत्तीनंतर मी मुलुंडला राहायला आलो. सावंत मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर झाला. कृत्रिम पायावर असा ताठ चालायचा की नव्या गार्डना पत्ताही लागायचा नाही. गेल्या वर्षी त्याच्या बायकोचा फोन आला. "भावोजी, हे म्हणतायत पाय अजून वर कापून घेणार. एका सर्जनकडे जाऊन पण आले. तुम्ही या ना."

मी गेलो. कपाटात दुखण्याच्या गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग. रोज सहा-सहा. किडनीचा रिपोर्ट मी दोनदा वाचला, आकडे वाईट होते.

"काय दुखतं? कापलेली जागा?"

"नाय."

"मग?"

सावंतने कृत्रिम पावलाकडे बोट दाखवलं. "पाऊल. जा नाय ता. लोक माका येडो म्हणतले, म्हणान कोणाक सांगूक नाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

सोळा वर्षं. आणि मी, जन्मभर लोकांची दुखणी बघितलेला माणूस, दर दिवाळीला त्याच्याकडे चकल्या खाऊन यायचो. कसा आहेस? ठीक. चला, निघतो. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्याला घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात पेन क्लिनिकला, जुनाट दुखण्यांच्या विभागात, नेलं. डॉक्टरबाई चाळिशीच्या, बोलायला सडेतोड. म्हणाल्या, "सावंत, तुम्ही वेडे नाही. पाऊल गेलं, पण मेंदूतली त्याची जागा तशीच आहे. ती दुखते आणि ते दुखणं खरं आहे. वर कापून ते जाईलच असं नाही. ते शेवटचं, आणि मी तर नकोच म्हणेन."

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. जुन्या गोळ्या आजपासून बंद, नाहीतर किडनीची वाट लागेल. नसांच्या दुखण्याचं वेगळं औषध, किडनी बघून, कमी डोसने. फिजिओथेरपी. त्याने भागलं नाही तर कापलेल्या जागी, नसेच्या टोकाजवळ इंजेक्शन. आणि रोज पंधरा मिनिटं आरसा.

"आरसा कशाला?" मी विचारलं.

"बघा."

त्यांनी सावंतच्या दोन पायांच्या मध्ये एक उभा आरसा ठेवला. कृत्रिम पाय काढून ठेवलेला, उजव्या पायात बूट तसाच. आरशात उजव्या पायाचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि सावंतच्या बाजूने पाहिलं तर डावा पाय परत आलेला. बुटासकट. सावंतचा चेहरा पांढरा पडला.

"दहापैकी किती दुखतंय?"

"आठ. बूट आवळतो."

"मग आरशात बघत बघत बूट काढा."

"नको."

"का?"

तो माझ्याकडे वळला. "जाधवसाब, सुरुंग फुटला त्याच्या आदल्या दिवशी माझे बूट भिजले होते. वानखेडेने त्याचा दुसरा जोड दिला. मला घट्ट व्हायचा. गेलेल्या पायात अजून त्याचाच बूट आहे हा. कसा काढू?"

मला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मी परेडच्या आवाजात म्हणालो, "सावंत, बूट उतार. वानखेडेच्या घरी काय सांगायचं ते मी बघतो."

सकाळी अकरा वीसला त्याने उजव्या बुटाची लेस सोडली. टाच मोकळी केली, बूट काढला, आरशात बघत बोटं हलवली आणि लहान मुलासारखा रडला. डॉक्टरबाईंनी पुन्हा आकडा विचारला. तो म्हणाला, पाच. चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. आजही थंडीत आकडा सहावर जातो. पण किडनी सावरतेय आणि पाय गुडघ्याखाली जिथे होता तिथेच आहे.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वानखेडेच्या वस्तीचा डोंगर चढलो. सावंत चार ठिकाणी थांबला. मी विचारलं की खरं सांगायचा, "दुखतंय." वानखेडेच्या आईला "जय भीम" केला. तिने बसायला खुर्च्या दिल्या. सावंतने बुटाचं सांगितलं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "घट्ट होता तर काढायचा ना रे बाबा. माझं लेकरू काय रागावलं असतं?"

मग मी सांगितलं. आधी कुणाकडे गेलो, का गेलो, किती मिनिटं लागली. सोळा वर्षं मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती ऐकून घेत होती. शेवटी एकच विचारलं. "तो ओरडला नाही?"

"नाही, आई. हात वर केला फक्त."

"लहानपणी बी तसाच होता," ती म्हणाली. "तापानं फणफणायचा, पण आईला त्रास नको म्हणून गप पडून राहायचा. मीच दर तासाला कपाळाला हात लावून बघायची."