अमीरबीचा पाय

आधीच सांगून टाकतो पावणं, म्हंजे मागनं तोंड लपवाया नको: अमीरबीची जखम मीच वाढवली.

मी गणपतराव. दवाखान्यात जखमा धुयाचं, पट्ट्या बांधायचं काम माझं. पैलवानांचे फुटलेले कान, उसाच्या कोयत्याचे घाव, सगळं ह्या हातानं बरं केलेलं. घमेंड हुती की मला!

अमीरबीच्या घरचा धंदा मणेराचा. डोक्यावर पाटी घेऊन पार मलकापूरपतोर बायकांना बांगड्या भरत हिंडायची. माझ्या लेकीचा लग्नातला चुडा तिनंच भरला. चौऱ्याहत्तर साली फुटक्या बांगडीची काच तिच्या नडगीला लागली. एवढासा ओरखडा, पण पंधरा दिवसांत तळव्याएवढी जखम झाली, कडा जांभळ्याजर्द.

आमचे डॉक्टर म्हणाले, सडलेलं काढ. मी रोज चिमट्यानं, कात्रीनं काढायचो. जितकं काढावं तितकी ती पसरायची. वर मी तिलाच झापायचो, "भाभी, पाय भिजवू नका म्हटलं न्हवं?" ती दातावर दात धरून सोसायची आन म्हणायची, "तुमचा हात हलका हाय, भाऊ." बायका महारोग समजून तिच्याकडनं बांगड्या भरंनात. तिचं हिंडणंच थांबलं.

आठ महिन्यांनी तिचा नवरा मौला आन मी तिला मिरजेला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पाय बघितला आन इचारलं, "बाई, शौचाला रक्त पडतं का?"

अमीरबी पदर तोंडाला लावून रडाया लागली. दोन वर्सं पडत हुतं. परक्या पुरुषाला सांगंल कशी? आन आम्ही तरी कुठं इचारलं! पाय दुखतोय म्हणून पायच बघत बसलो.

"आतड्याचा आजार आहे. क्वचित कुणाच्या कातडीवर असा फुटतो," डॉक्टर म्हणाले. "ही जखम कापायची नसते. कापली की वाढते."

भुईनं फाटून मला पोटात घ्यावं असं झालं.

गोळ्यांनी पाय भरत आला, पण आतडं हाताबाहेर गेलं हुतं. रक्त थांबंना. शेवटी शेवटी मौलानं बोलावलं म्हणून तिच्या घरी गेलो. अमीरबीनं पाय पुढं केला. "बांधा की, भाऊ. तुमचा हात हलका हाय."

कात्री पिशवीतच ऱ्हायली. कापूस धरून मी नुसता रडत बसलो. दुसरं काय येत हुतं मला?

मिरजेचं डॉक्टर "कापली की वाढते" म्हणालं, ते तिनंबी ऐकलं हुतं.