पडणाऱ्या माणसासमोर फोन धरून

लोकांना वाटतं, मूकपट करणाऱ्या माणसाच्या घरी कशी शांतता असेल! काय सांगू तुम्हाला. आमच्याकडे शूटिंग असलं की अर्धी वाडी घरामागच्या गडग्यावर, दगडी बांधावर, चढून बसते आणि बोंबलत सुटते. आवाज शेवटी काढूनच टाकायचा असतो, मग कोण कुणाला गप्प करणार? "अरे पड, पड!" "बायको आली बघ!" "मागं फुरसं हाय, फुरसं!" वाट्टेल ते ओरडतात. नवऱ्याला हसवायचं, निदान दचकवायचं, ही त्यांची पैज. आणि हा मख्ख. एवढ्या वर्षांत त्याचा चेहरा कुणाला हलवता आलेला नाही. त्याचा त्याला भारी गर्व होता.

समोर बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. मनात मात्र अरे-तुरेच, आणि इथंही तेच चालणार.

नवरा वायरमन आहे. लोकांच्या घरी वायरिंग करतो, विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात पडतो. शिडीवरून, होडीतून, ओढ्यावरच्या साकवावरून, एकदा तर आरे-वारेच्या वाळूत स्वतःच खणलेल्या खड्ड्यात. लग्नातला कोट, खाली लुंगी, हातात शिडी, एवढंच त्याचं सोंग. मी फोनवर टिपते, रंग काढून काळं-पांढरं करते आणि लोकांपुढे सोडते. पहिल्या दोन-तीन चित्रफितींत तो बोलला होता. तर त्याखाली घाटावरच्या लोकांनी लिहिलं, काय तो हेल, काय ती भाषा, हसून हसून पोट दुखलं. तो दोन दिवस जेवला नाही नीट. मग म्हणाला, "हसायचं तर माझ्या पडण्याला हसा म्हणावं, बोलण्याला नको." तेव्हापासून त्याने तोंड मिटलं.

आणि मिटलं तेच बरं झालं. शेजारच्या चाचींचा मुलगा आखातात आहे. त्याच्या खोलीत चार देशांची माणसं, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, पण आमच्या ह्याचं पडणं सगळ्यांना कळतं, असं त्याने कळवलं. लांज्याच्या एसटी स्टँडवर लोक ह्याला ओळखायला लागले. नमस्कार सोडून आधी त्याच्या पायांकडे बघायचे, आता घसरतो का म्हणून. गणपतीपुळ्याला एका लॉजवर तो दिवे लावायला गेला, तर पर्यटकांनी शिडीभोवती गर्दी केली. मी सोबत असले की कुणीतरी म्हणायचंच, "ह्याच का शूटिंग करतात?" मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

पडण्याची त्याची एक पद्धत आहे. पडण्याच्या आधी तो एकदा थेट लेन्सकडे बघतो. पडू ना, असं विचारल्यासारखं. मग पडतो. लोक त्या बघण्यालाच जास्त हसतात. ते बघणं खरं म्हणजे माझ्यासाठी असतं. खालचं गवत नीट आहे ना, मध्ये कुणी आलं नाही ना, हे त्याला वरून दिसत नाही, मला दिसतं. आणि गलक्यात माझा आवाज त्याला वेगळा कळणार नाही. म्हणून आमचं ठरलेलं: फोन वर असेल तर पड, फोन खाली गेला तर थांब. बाकी कुणाच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, माझ्यासुद्धा. सात वर्षांत मी फोन एकदाही खाली केला नव्हता.

गेल्या वर्षी साकवावरून पडला तो मानेवर. उजव्या हाताची बोटं बधिर झाली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फोटो बघून त्याला नाही, मलाच सांगितलं, "आणखी एक दणका बसला तर हात जाईल. कदाचित दोन्ही." वायरमनचे हात! आठ महिने तो पडला नाही. बोटं हळूहळू शुद्धीवर आली, स्क्रू पिळता यायला लागले. मी देवाचे आभार मानले. मात्र चित्रफिती बंद, तसे बघणारेही पांगले. दोन वेळा मी स्टँडवर त्याच्या शेजारी उभी होते, पण कुणी वळून बघितलं नाही.

आणि मग मुंबईहून पत्र आलं. मूकपटांचा कसलासा महोत्सव होता, जुन्या लोकांच्या फिल्मांबरोबर आजचं कुणीतरी हवं होतं. नवीन चित्रफीत पाठवा, मोठ्या पडद्यावर दाखवू, दोघांनीही या. त्याने वाचलं आणि कागद फ्रीजवर ठेवून दिला. "आपल्याला नको," म्हणाला.

मीच उकरून काढलं. मीच! पेंढ्याचा गुडघाभर थर घालू म्हटलं, गडगा छातीभरच उंच आहे म्हटलं, पाठीवर अलगद घ्या, मानेला काही होत नाही. तो म्हणाला, "डाक्टर काय बोलला ते इसरलंस?" मी म्हटलं, "एकदाच हो. शेवटचं." चार दिवस मी हाच धोशा लावला. पाचव्या दिवशी त्याने कोट उन्हात टाकला.

जागा घरामागची. वरच्या अंगणाचा गडगा, खाली भाताचा कोरडा मळा. सकाळी आम्ही दोघांनी गडग्याच्या पायथ्याशी पेंढा अंथरला, तुडवून बघितला, पुन्हा वर घातला. मग तो दाढी करायला गेला, मी भाकऱ्या टाकायला. तेवढ्यात चुलत सासरे आले. पावसाआधी गडगा सांधायचा म्हणून त्यांनी जांभ्या चिऱ्यांचे लाल तुकडे आणून ठेवले होते मळ्यात, एका बाजूला. त्यांना वाटलं, शूटिंग आहे, मुंबईचे लोक बघणार, घरामागे दगडांचा ढीग बरा दिसत नाही. म्हणून त्यांनी ते तुकडे उचलून गडग्याला लावून ठेवले आणि आमचाच पेंढा ओढून वर नीट झाकला. वर हाताने सारखासुद्धा केला. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की पसारा असाच पेंढ्याखाली जातो. पेंढा पडण्यासाठी अंथरलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून कुणाला सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा वाडी जमली. तो गडग्यावर चढला, मळ्याकडे पाठ करून. मी खाली मळ्यात, बाजूला, फोन दोन्ही हातांत. त्याच्या कोटाच्या कडेला ऊन लागलं होतं. गलका सुरू झाला. एवढ्यात एक कोंबडी पेंढ्यावर आली. मी खूशच झाले. वर मख्ख माणूस, खाली कोंबडी, असं मागून मिळत नाही. ती पायाने पेंढा उकरायला लागली. एकदा, दोनदा. आणि लाल दिसलं. चिऱ्याची धारदार कड, मग दुसरी, अगदी तो पाठीवर येणार तिथे.

मी ओरडले. "चिरे हायत! खाली चिरे हायत!" गडग्यावरच्या पोरीबाळींना मजाच वाटली, त्यांनीही तेच धरलं. "चिरे! चिरे!" सगळी वाडी हसत ओरडतेय, कानाने कमी असलेले चुलत सासरेही सगळ्यांबरोबर हसतायत, आणि हा ढिम्म. हे आणखी एक खोटं फुरसं म्हणून सोडून दिलं त्याने. त्याने टाचा गडग्याच्या कडेला आणल्या. हात पसरले. मग मान वळवून लेन्सकडे बघितलं.

मी फोन खाली केला.

त्याचं वजन मागे गेलेलं होतं. तो कसा वळला देव जाणे, पण पोटावर आडवा झाला गडग्यावर, कोपर सोलून निघालं, पाय खाली लोंबकळत. दोघांनी धरून वर ओढला. मी धावत जाऊन आधी त्याची बोटं हलवून बघितली, दहाच्या दहा. मग त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि रडायला लागले. चुलत सासऱ्यांनी पेंढा बाजूला केला. चिरे बघून ते एकेक उचलून लांब टाकायला लागले. "माझ्या हातानं मेलं असतं पोर," म्हणत राहिले. आम्ही त्यांना चहा दिला.

संध्याकाळी कोपराला हळद लावून झाली, तेव्हा तो म्हणाला, "दाव गो, काय आलंय." फोन मी दिला. नेहमी आम्ही आवाज बंद करूनच बघतो. ह्या वेळी त्याने तो वाढवला. कोट, ऊन, कोंबडी. पेंढा उकरला गेला. आणि माझा आवाज, चिरे हायत. तीनदा, चारदा. तो फ्रेममध्ये मधोमध उभा, चित्र कुठे एवढंसं हललेलं नाही. शेवटी मान वळते आणि मग जमीन दिसते. त्याने ते पुन्हा लावलं. बोटाने थांबवून थांबवून बघितलं, लाल कधी दिसतं आणि फोन कधी खाली जातो.

"तुला आधीच दिसलं व्हतं," तो म्हणाला.

"ओरडले ना मी!"

"ओरडलीस. माझ्या कानावर पडत नाय ते तुला ठावं हाय."

आता काय सांगू? घाबरले, सुचलं नाही, असं म्हणता आलं असतं. घाबरले होते हे खरं, पण ऊन, कोंबडी, तो, सगळं इतकं सुरेख जुळून आलं होतं की माझे हात ते सोडायला तयार नव्हते. "हो," म्हटलं मी. "दिसलं होतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तो फोनकडे बघत राहिला. "घाबरलेल्या माणसाचा हात हलतो गो," एवढंच म्हणाला, आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला.

मुंबईला आम्ही गेलो नाही. आता तो पडत नाही. कधी शिडी उलटी लावतो, कधी बल्ब लावता लावता स्वतःच अंधारात अडकतो, लोक तरीही हसतात. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतो, जेवणाला नावं ठेवतो, बाजारातून माझ्यासाठी आठवणीने खाजा आणतो. फक्त रत्नागिरीहून येताना त्याने एक स्टँड आणलं, तीन पायांचं. शूटिंग असलं की फोन तो त्यावर लावतो, स्वतः. मी शेजारी उभी असते. हातांचं काय करायचं, मला कळत नाही.