भारतच्या चार तबकड्या

माझा धाकटा भाऊ भारत. मुरुडात कुणालाबी इचारा, क्लॅरनेट वाजवावं तर त्यानंच. शिकवलं मी. शाळा माझी सातवीपर्यंत, पर माझ्या, व्यंकटी मास्तरच्या, बँडापुढं दुसरा बँड टिकत न्हाई, हे अख्ख्या जिल्ह्याला ठावं हाय.

आमच्या धंद्यात एक रीत हाय. लग्नसराईच्या आधी नवी चाल बसवायची ती दार लावून, खिडकीला पोती बांधून. भाईरच्यानं ऐकली की पहिल्याच वरातीत आपली चाल त्याच्या ट्रम्पेटातून निघती. म्हणून आमच्या गोदामावर माझी नजर असती.

तर यंदा माघात भारत दुपारचा एकटाच गोदामात कडी लावून बसायला लागला. मधीच नांदेडला जायचा, पिशवी छातीशी धरून यायचा.

"काय आनलंस?"

"काई न्हाई, अण्णा."

काई न्हाई ते इतकं जपून कोण धरतं?

लातूरच्या सिद्रामप्पा बँडवाल्याचा डोळा त्याच्यावर कवाचा हाय. भारत गेला तर माझ्या बँडात ऱ्हातंय काय, नुसता ढोल.

आमची कावेरीबाई म्हनली, "अवो, भावजी गाणी ऐकायलेत. ऐकू द्या की."

"गाण्याला कडी कशाला लागती?"

एका दुपारी दाराला कान लावला. आत साठेक माणसं वाजवायलेली. सारंगीवानी काहीतरी, पितळ, मधीच आभाळ फाटल्यावानी ढोल. संपलं. जरा येळानं तेच परत. मग परत तेच. म्हंजे चाल बसवायलाय. सिद्रामप्पाची, मोबाईलवर भरून आनलेली. पर त्यानं साठ माणसं कवा जमवली?

दारावर लाथ घातली. कडी निघाली. आत भारत, एक जुना रेकॉर्ड प्लेयर आन चार काळ्या तबकड्या.

"कुणाची चाल ही?"

"परदेशी हाय, अण्णा. मागच्या शतकात रशियातल्या एकानं लिव्हली. तबकड्या नांदेडच्या जुन्या बाजारात घावल्या."

"चार?"

"चाल एकच. बँड चार, मास्तर चार."

एकाच चालीच्या चार तबकड्या शहाणा माणूस घेत न्हाई. सिद्रामप्पाची चिठ्ठी न्हाईतर इसाराचे पैसे असतील म्हणून मी तबकड्यांची सगळी पाकिटं उलटी करून झटकली. काईच पडलं न्हाई.

"लाव चारी. मला बनवायलास का बघतो."

पहिलीचा मास्तर घाबरट, ढोलाच्या मागं पळतो. दुसरीचा घाईतला, पंगत उठायच्या आत वरात पोचवायची असल्यावानी. तिसरीत क्लॅरनेट एकटंच सुरू झालं, आन त्या मास्तरनं बाकीची सगळी माणसं गप बसवून ठेवली. लई येळ. चौथी अर्ध्यातच अडकली.

"तिसरा माझ्यावानी हाय," मी म्हनलं.

भारत हसला. "वाटलंच मला."

"सिद्रामप्पाकडं चाललास का?"

"त्याच्याकडं ढोल थांबतो का कधी क्लॅरनेटसाठी?"

"आन माझ्याकडं?"

तो तबकडी पुसत बसला.

बिलोलीच्या वरातीत, मारुतीच्या देवळापुढं, मी हात वर केला. ढोल थांबले. भारत एकटाच वाजवायला लागला. नवऱ्याचा मामा पळत आला, "मास्तर, बँड बंद का पडला? वाजवा की."

"वाजायलंय. तुमी ऐका की जरा."

नाचणारी पोरं बी उभी राहिली.

भारत माझ्याच बँडात हाय. पर गोदामाची किल्ली आता माझ्या करदोड्याला असती. दुपारी मी बी आत बसतो, नजर ठेवायला. चौथीवर ओरखडा हाय, भारत म्हनतो. मला शक हाय. चौथा मास्तर माझ्याहून भारी निघंल, म्हणून तर लावत नसंल ना?