रांगोळीला वळसा

दत्ताने ब्रेक दाबला तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. फोर्कलिफ्ट जागच्या जागी थांबली, पण तिच्या काट्यांवरचे क्रेट थांबले नाहीत. वरचा क्रेट धाडकन खाली आला आणि गाडीच्या दाराची कुलपं फरशीभर पसरली. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो गृहस्थ एका हातात डबा, कानात इअरफोन अशा थाटात कँटीनकडे निघूनही गेला होता. आपण वाचलो हेही त्याला माहीत नव्हतं.

"मॅडम, हे दुसरं झालं," दत्ता सीटवरूनच म्हणाला. स्टिअरिंग त्याने अजून सोडलं नव्हतं.

दुसरं म्हणजे दुसरा निअर मिस. आमच्या भाषेत निअर मिस म्हणजे थोडक्यात हुकलेला अपघात. कुणाला लागलं नाही तरी तो कागदावर लिहावा लागतो. लिहिणारी मी. चाकणच्या या कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे, सगळे मला शेळके मॅडम म्हणतात आणि मी येताना दिसले की घाईघाईने हेल्मेट घालतात.

आमचे प्लांट हेड बर्वे साहेब यांचा एक नियम होता. एका ऑपरेटरच्या नावावर तीन निअर मिस झाले की त्याचा गेटपास रद्द. दत्ता कॉन्ट्रॅक्टवर होता. नांदेडकडचा. नुकतंच बायको आणि मुलीला इकडे आणलं होतं, मुलीला शाळेत घातलं होतं. गेटपास गेला की सगळं गुंडाळून परत. आणि चूक त्याची नव्हती हे मला ढळढळीत दिसत होतं. दोन्ही रिपोर्टवर सही माझी होती, त्यामुळे जेवण काही गोड लागत नव्हतं.

"मी काय करू सांगा," दत्ता म्हणाला. "माणसं मधूनच निघायलेत. हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखायलाय."

भानगड अशी होती. असेंब्लीतून कँटीनला जायचा रस्ता रॅकच्या कडेकडेने, लांबून आहे. पण दोन रॅकच्या मध्ये चारेक फुटांची एक फट आहे. तिथून घुसलं की माणूस थेट फोर्कलिफ्टच्या वाटेत उगवतो. तुम्ही म्हणाल, फट बंद करा. नाही करता येत. आग लागली तर पळायची वाट आहे ती. मी एकदा साखळी लावली होती, फायरवाल्यांनी मलाच झापलं.

मग मी पाट्या लावल्या. मराठी, हिंदी, इंग्रजी. चालणाऱ्या माणसाचं चित्र, त्यावर लाल फुली. लोक पाटीला टेकून चहा प्यायचे. पिवळे पट्टे मारले, त्यावरून लोक रांगेत चालले. कोपऱ्यावर मोठा गोल आरसा बसवला, म्हणजे फोर्कलिफ्ट येताना आधी दिसावी. लोक त्यात भांग पाडू लागले. आणि दत्ताचा हॉर्न तर इतका सतत वाजायचा की तो बंद झाला असता तरच कुणी मान वर केली असती.

माझी मुलगी ऋतुजा डिझाइन शिकते. मोशीला घरी जेवताना मी हे रडगाणं गात होते, तर ती म्हणाली, "आई, आम्हाला चिन्हमीमांसा नावाचा विषय आहे. त्याचा पहिलाच धडा हा. लावणाऱ्याने लावली म्हणून पाटी चिन्ह होत नाही. वाचणारा वाचेल तेव्हा होते."

"वाचतात की. सगळे दहावी पास आहेत."

"अक्षरं वाचतात. तुझं म्हणणं नाही वाचत."

मी तिला भात वाढला आणि विषय बदलला. पोरींना कॉलेजात घातलं की हे ऐकून घ्यावं लागतं.

खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असते. त्या दिवशी फोर्कलिफ्टलाही हार घालतात. हाउसकीपिंगच्या मंगलमावशी चाकणजवळच्याच गावातल्या. पूजेसाठी त्यांनी मोठी रांगोळी काढली. कुठे, तर नेमकी त्या फटीत. का, तर फरशी तिथेच स्वच्छ होती. लोकांनी पायांनी घासूनच ठेवली होती ना.

जेवणाची घंटा झाली. झुंड आली. पुढचा माणूस फटीपाशी पोचला, खाली बघितलं आणि वळला. मागचे सगळे त्याच्यामागे वळले. अख्खी असेंब्ली रॅकच्या कडेकडेने, मी दोन वर्षं घसा फोडून सांगत होते त्या रस्त्याने, शहाण्यासारखी कँटीनला गेली. ओडिशाची पोरंसुद्धा. त्यांच्याकडे तांदळाच्या पिठाची काढतात, पण पाय त्यावरही देत नाहीत.

मी मंगलमावशींना बाजूला घेतलं. "मावशी, रोज काढाल का?"

"काढीन की. पन रोज कसली पूजा?"

"माझ्या नोकरीची."

"बरं बाई," म्हणाल्या, आणि हसल्या.

दोन आठवडे रोज सकाळी ताजी रांगोळी. फटीतून एक माणूस गेला नाही. दत्ताचा हॉर्न शांत झाला. मी केबिनमध्ये बसून गाणं गुणगुणायला लागले होते, एवढं सांगितलं तरी पुरे.

मग बर्वे साहेबांच्या बुटाला पांढरं काहीतरी लागलं. साहेब मूळचे क्वालिटीचे. धुळीचा कण दिसला तरी त्यांची झोप उडते. "शेळके, ही पूड उडून कुलपात गेली तर? गाडीचं दार उघडायचं नाही. कस्टमर मला उघडेल." खोटं नव्हतं ते. पण साहेब तेवढ्यावर थांबले तर ना. त्यांनी भोसरीच्या एका व्हेंडरकडून रांगोळीचा स्टिकर छापून घेतला. फरशीवर चिकटवायचा, सात रंगांचा, मध्ये कंपनीचा लोगो. दोन मागवले, एक स्पेअर.

"एकदाच लावा. रोजची कटकट संपली," ते म्हणाले. फार खूश होते. खरं सांगू, दिसायला तो मावशींच्या रांगोळीपेक्षा देखणा होता.

पहिल्या दिवशी लोक वळले. तिसऱ्या दिवशी एकाचा बूट काठावर पडला. आठवडा झाला आणि लोगोवर बुटांचे ठसे. मी एकाला धरलं. "अहो, रांगोळीवरून चाललात?"

"कुठंय रांगोळी मॅडम? स्टिकर आहे तो."

मंगलमावशी तिथेच पुसत होत्या. मी वैतागून म्हटलं, "मावशी, रंग तेच, आकार तोच. मग फरक काय पडला?"

त्यांनी पोछा उभा धरला. "ती काढलीया कुनी? कुनीच न्हाई. मग पाय दिला तर मोडनार कुनाची?"

हेच ऋतुजाला सांगितलं तर ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, मावशींनी तिचा दुसरा धडा एका वाक्यात उरकला. मग तिने मला तो सोपा करून सांगितला, मी तुम्हाला सांगते. चिन्हं साधारण तीन तऱ्हेची. एक, दिसायला सारखी. पाटीवरचा माणूस खऱ्या माणसासारखा दिसतो म्हणून कळतो. दुसरी, मागे राहिलेली खूण. फरशीवर टायरचा काळा वण आहे म्हणजे इथे कुणीतरी करकचून ब्रेक मारलाय. तिसरी, आपण आपसांत ठरवलेली. लाल म्हणजे थांब. लाल रंगात थांबण्यासारखं काही नसतं. कुंकूही लालच, ते बघून कुणी थांबत नाही. फक्त ठरलंय.

रांगोळीवर पाय द्यायचा नाही हेही ठरलेलंच. पण रांगोळी ही खूणसुद्धा आहे. आज सकाळी इथे कुणीतरी वाकलं होतं, याची. स्टिकरमध्ये वाकलेलं कुणीच नव्हतं. ते रांगोळीचं नुसतं चित्र. चित्रावर पाय द्यायला कसली लाज?

हे मी बर्वे साहेबांना कसं पटवावं या विचारात होते, तेवढ्यात तिसरा निअर मिस झाला. तीच फट, तीच वेळ. दत्ताने ब्रेक मारला. क्रेट पुन्हा खाली आदळला आणि स्टिकरवरून आलेला माणूस काट्यापासून हातभर अंतरावर थांबला. या वेळी त्याला कळलं. तो तिथेच फरशीवर बसला.

दत्ता खाली उतरला. त्याने त्या माणसाला पाणी दिलं, मग माझ्याकडे आला. "लिहा मॅडम. तुमचं काम हाय ते. मी काही म्हणणार नाही."

तो असं म्हणाला नसता तर बरं झालं असतं. न लिहून दत्ता वाचला असता, पण पुढच्या वेळी ते अंतर हातभर राहिलं नसतं. मी लिहिलं. मात्र रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, मूळ कारण. तिथे सगळे 'ऑपरेटरचे दुर्लक्ष' लिहून मोकळे होतात. मागच्या दोन्ही वेळी मीही तेच लिहिलं होतं. या वेळी लिहिलं, 'रांगोळी कुणी काढलेली नव्हती.'

दहा मिनिटांत बोलावणं आलं.

"हे काय लिहिलंय, शेळके?"

"रूट कॉज, सर."

"चेष्टा सुचतेय?"

"नाही सर. तुम्हीच शिकवलंय, पाच वेळा 'का' विचारायचं." ही आमच्याकडची पद्धत आहे. काहीही बिघडलं की 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्यावर पुन्हा 'का', असं पाचदा. पाचव्या उत्तरात खरं कारण सापडतं म्हणतात. साहेबांनी यावर अख्ख्या प्लांटचं ट्रेनिंग घेतलं होतं. "विचारा ना सर."

त्यांनी पेन उघडलं. "क्रेट का पडला?"

"दत्ताने ब्रेक मारला."

"का मारला?"

"फटीतून माणूस आला."

"का आला?"

"तिथे रांगोळी नव्हती, स्टिकर होता."

"रांगोळी का नव्हती?"

"मावशींनी काढायची बंद केली."

साहेब पाचवा 'का' विचारायला तोंड उघडून बसले आणि तसेच राहिले. माणूस हुशार आहे. उत्तर त्यांना माझ्याआधी दिसलं. मी नाकासमोरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. हसले असते तर माझाच गेटपास गेला असता.

मग पेन बंद करून म्हणाले, "पूड चालणार नाही."

"खडूने काढू सर. ओल्या खडूने. उडत नाही."

"कस्टमर ऑडिटपर्यंत बघतो. तोवर दत्ताचा गेटपास रद्द करायचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये. आणि मंगलबाईंना आता कँटीनची ड्यूटी आहे, त्या यायच्या नाहीत. काढणार कोण?"

काढणार कोण हा प्रश्नच होता. मला रांगोळी येत नाही. माझी आई यावरून अजून टोमणे मारते. बाहेर आले तर दत्ता उभाच होता. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मी काढतो की."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दत्ता गुडघ्यावर बसून ओला खडू फिरवत होता. कमळ काढायला घेतलं होतं, झाला फ्लॉवरचा गड्डा. येणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. "भावा, भाजी काय भावाने दिली?" एकाने विचारलं. दुसऱ्याने पाकळ्या मोजल्या आणि एक कमी आहे म्हणून सांगितलं. दत्ताने मान खाली घालून ती काढली.

दुपारी घंटा झाली. मी रॅकआड उभी होते. पुढचा माणूस फटीपाशी आला, गड्ड्याकडे बघून फिस्सकन हसला आणि वळला. सगळे वळले. जाता जाता एकाने फोर्कलिफ्टवरच्या दत्ताला हात केला. तेव्हा मला लखकन कळलं. एवढे दिवस दत्ता त्यांच्यासाठी नुसता हॉर्न होता. आता ज्याची रांगोळी आहे तो माणूस झाला होता.

ऑडिटला कस्टमरकडून जे साहेब आले ते जातीचे कडक. बूट चकचकीत, हातात टॅब, सोबत बर्वे साहेब आणि मी. फटीपाशी आले आणि दत्ताचा त्या दिवशीचा मोर बघून थबकले. मोर कसला, कोंबडीच ती.

"हे काय आहे?"

"पेडेस्ट्रियन कंट्रोल, सर," मी म्हटलं.

"कुठल्या स्टँडर्डमध्ये बसतं हे? उंची नाही, रंगाचा कोड नाही, अक्षर नाही. अशाने माणसं थांबतात? काहीतरीच. हे मी ऑब्झर्वेशनमध्ये लिहिणार," असं बोलत बोलत साहेब त्या कोंबडीला वळसा घालून रॅकच्या कडेने पुढे निघाले.

मी बर्वे साहेबांकडे बघितलं. ते त्या चकचकीत बुटांकडे बघत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा ओठ चावताना पाहिलं.

ऑब्झर्वेशन आलं, 'नॉन-स्टँडर्ड मार्किंग'. रांगोळी पुसायची तर नव्हती, मग ती स्टँडर्ड करणं भाग पडलं. फोर्कलिफ्टच्या रोजच्या चेकशीटमध्ये आता चार गोष्टी आहेत: हॉर्न, ब्रेक, काटे, रांगोळी. चौथीपुढे दत्ता रोज टिक करतो. ड्रॉवरमधला तो कागद बर्वे साहेबांनी माझ्यादेखत फाडला, आणि तीनचा नियमही त्याच्याबरोबर गेला. दत्ताची मुलगी पुढच्या वर्गात गेली. मोर मात्र अजून कोंबडीच आहे.

नवीन लोकांना इंडक्शन देताना मी आता पाट्यांवर वेळ घालवत नाही. एवढंच सांगते, की आपल्यासाठी कुणी वाकलंय हे दिसलं तर माणूस वळतो. छापलेलं बघून वळत नाही.

तो स्पेअर स्टिकर वाया जाऊ नये म्हणून बर्वे साहेबांनी आपल्या केबिनच्या दाराबाहेर लावून घेतलाय. आत जाणारा प्रत्येक जण लोगोवर नीट पाय देऊन जातो. मीसुद्धा.