खैरुनखालाने दाखवलेली खोल जागा

बाभुळगावच्या अलीकडे आमच्या शेताला लागून चार-पाच एकर चिबड जमीन होती. दिवाळीनंतरही तिथे पाणी साचलेलं. सारं गाव त्या चिबडीला शिव्या घाली आणि खैरुनखाला तिच्यावर पोट भरी. नवरा गेल्यापासून ती तिथला लव्हाळा कापून चटया विणायची. जीभ तिखट, पण वीण अशी घट्ट की बोट शिरायचं नाही. त्या चिखलात पाय कुठे टेकवायचा, हे तिलाच ठाऊक.

अठ्ठावन्न साली साखळ्या आणि झेंडे घेऊन सरकारी माणसं आली. साहेब तिला चक्क "मावशी" म्हणाला. पाण्याचा निकास करायचा आहे, सगळ्यात खोल जागा कुठली, असं त्याने विचारलं. निकास म्हणजे काय हे तिला कळत नव्हतं, असं नाही. पण त्या वर्षी उठता-बसता जो तो विकास विकास करत होता, तिनेही तेच ऐकलं. तिला वाटलं, आपलं पाणी आता सरकार सांभाळणार. लुगडं खोचून ती गुडघाभर पाण्यात शिरली.

"सायब, इथं! इथलं पानी चैतातबी हटत नाई."

तिथेच खुंटी ठोकली. तिथून नाल्यापर्यंत चर खणला आणि पंधरा दिवसांत चिबड कोरडी ठाक पडली. लव्हाळा वाळला. खाला माझ्या दारात येऊन बसली.

"इंदूबाई, मीच दाखवली वो जागा. दुसऱ्या कोनाले सापडली नसती."

"अगं खाला, नीट विचाराचं तरी होतं!" मी ओरडले. माझा राग असाच, भलत्यावर निघतो.

पुढच्या श्रावणात तिने दगड-चिखल घालून चराचं तोंड बुजवलं. पाणी तुंबलं ते यंदा चिबडीच्या कडेपर्यंत पेरलेल्या आमच्या तुरीत. आमचे हे फावडं घेऊन निघाले. खालाची बाजू घ्यायची, असं ठरवून मीही मागोमाग गेले. ती त्या दगडांवरच बसली होती. ह्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"खाला, तूर सडून राह्यली. बाजूले व्हा."

तिने माझ्याकडे पाहिलं. "इंदूबाई, तू सांग ह्यायले."

मी तुरीकडे पाहिलं. पानं पिवळी पडून खाली लोंबत होती. वर्षभराचं वरण होतं ते आमचं.

"ऊठ, खाला," मी म्हणाले, आणि हाताला धरून तिला मीच उठवलं.