खोटा धूर न सोडणारी वहिनी

"बुआ, मम्मी नहीं रही..." भाच्याचा, हिंदी मुलखातच वाढलेल्या अमोलचा फोन आला तेव्हा मी शंकर नगरच्या घरी भाजी निवडत बसले होते. प्रमिलावहिनी गेली. काम आटोपून घरी आली, चहाचा कप हाती घेतला आणि हृदयविकाराचा झटका आला. अंत्यदर्शनाला आलेले काहीजण हळहळले, "या वयात मच्छरांच्या मागे धावायची काय गरज होती?" महिना उलटला तरी ते वाक्य मला टोचतं आहे. गरज होती. तिला होती, आम्हालाही होती.

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर वहिनीनं डासनिर्मूलन करणाऱ्या एका कंपनीची फ्रँचायझी विकत घेतली. दादा आधीच गेला होता. आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. अमोल म्हणाला, "लोग मच्छरवाली बोलेंगे, मम्मी." "बोलू दे ना. मच्छर चावते तवा कोणी लाजत नाही, मंग मी मारताना काहून लाजू?" समता कॉलोनीत तिनं गाळा घेतला. धुराचं यंत्र आलं, कंपनीचं नाव रंगवलेली व्हॅन आली, मदतीला दोन बायका आल्या.

कंपनीनं शिकवला होता धूर. वहिनी मात्र आधी साचलेलं पाणी शोधायची... कूलर, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरची टायरं. एकदा मी सोबत होते. लग्नाच्या हॉलचा मालक म्हणाला, "मॅडम, शाम को बारात है, धुआँ मारिए और जाइए." हॉलमागच्या हौदात अळ्या वळवळत होत्या. "पहले ये खाली करवाओ, भैया. नहीं तो धुआँ बारातियों की नाक में जाएगा और मच्छर कल फिर आएँगे." तो ऐकेना, वहिनीनं यंत्र सुरू केलं नाही. त्यानं वर तक्रार केली. कंपनीचा साहेब गाळ्यावर आला. गिऱ्हाईक मागेल ते द्या, नाहीतर करार संपला, म्हणाला. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. "नाव तुमचं घेऊन जा, साहेब. मच्छर माह्याजवळ राहू द्या."

दुसऱ्या दिवशी व्हॅनवरच्या नावावर तिनं स्वतः पांढरा रंग फासला. यंत्र परत गेलं, मोठी गिऱ्हाइकंही गेली. ती घाबरली नाही, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी माझा हात धरून म्हणाली, "मले भेव वाटून राहिलं गं... पण खोटा धूर नाही सोडत मी." मग पुरानी बस्तीतल्या बायका घरातलं साचलेलं पाणी शोधायला बोलवू लागल्या, एका पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, दुसऱ्या पाऱ्यात नाव पोचलं. पुढच्या हंगामात तो हॉलवालाही आधी हौद उपसून मग बाकीचं साचलेलं पाणी शोधायला तिला फोन करू लागला. शेवटच्या दिवशीही ती कुणाच्या तरी गच्चीवर होती. अंथरुणावर पडून राहणं तिला जमलंच नसतं.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले, तर सून टॉर्च घेऊन फ्रिजमागे वाकली होती. "काय पाहून राहिली गं?" "पीछे की ट्रे, बुआजी. मम्मी हर इतवार देखती थीं." ट्रेमध्ये पाणी होतं, पाण्यात अळ्या. तिनं ती अंगणातल्या तापलेल्या फरशीवर उपडी केली, आणि फरशी पूर्ण सुकेपर्यंत पदर खोचून तिथंच उभी राहिली.