अक्कांची धुतलेली बाटली

मंडळी, दुपारपासून कामात लक्ष नाही.

धुळ्यातल्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी उंदरांवर प्रयोग करते. आधी त्यांना तुपकट खाऊ घालून जाड करायचं, मग औषधी मुळांचा अर्क पाजून वजन उतरतं का ते बघायचं.

आज पिंजरे धुणाऱ्या अक्कांनी पदराखालून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काढली. घासूनपुसून लख्ख केलेली. "ताई, थोडा अर्क दे ना. मन्ही पोरले पाहिजे."

जाड आहे म्हणून मुलीला तिसऱ्या स्थळानंही नकार दिलाय. तेव्हापासून ती धड जेवत नाही.

मी समजावलं, माणसाला हा अर्क किती द्यायचा, सोसेल की नाही, अजून काहीच नक्की नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येते.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "तुन्हा उंदीर बारीक व्हयनात ना, ताई?"

"हो, काही झाले बारीक."

"मंग?"

मी पुन्हा डॉक्टरांचंच सांगितलं.

उद्या डॉक्टरांकडे येतो म्हणाल्या, पण बाटली माझ्या टेबलावर ठेवूनच गेल्या. जाड उंदराला आम्ही कधी नावं ठेवली नाहीत हो. तुम्हीच सांगा, या बाटलीत काय भरून देऊ?